मरसूं मरसूं, आणि तो होशू कोण होता

इथे दुबईत माझ्या बाजूच्या टेबलवर सिंधमधल्या हैदराबादचा एक जण बसतो, आमचं छान जमतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी पंजाबातल्या चोलिस्तान वाळवंटासाठीच्या कालव्यांवरून सिंधमध्ये लोकांनी हायवे अडवले होते, सिंधूचं पाणी वरच्या वर पंजाबात वळवलं तर खाली आम्ही प्यायचं काय असा त्यांचा सवाल, तेव्हा हा लंचमध्ये सारखा व्हिडिओ बघायचा आणि प्रत्येक व्हिडिओत तीच घोषणा. मरसूं मरसूं, सिंध न डेसूं. मरू, पण सिंध देणार नाही. मला लगेच झाशीची राणी आठवली.

नेमकं त्याच महिन्यात आपल्याकडे पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला आणि माझे सगळे ग्रुप पेटले. मी मराठीच्याच बाजूने होतो, आजही आहे, जूनअखेर तो जीआर मागे घेतला तेव्हा बरं वाटलं. पण त्याच ग्रुपवर हळूहळू कोणाचं आडनाव काय, कोण मूळचा कुठला असं सुरू झालं ना, तिथे मला त्या घोषणेचा धनी आठवला.

ती घोषणा होशू शीदीच्या नावावर आहे. तेव्हा सिंधवर राज्य करणाऱ्या तालपूर मीरांचा सेनापती, मार्च १८४३ मध्ये हैदराबादजवळ इंग्रजांच्या नेपियरशी लढताना मेला. आणि हा शीदी, म्हणजे आपण सिद्दी म्हणतो तेच, पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. सिंधची सगळ्यात मोठी घोषणा ज्याच्या तोंडी आहे तो आडनावाच्या परीक्षेत पहिल्याच फेरीत नापास झाला असता! आणि त्याच्या समाजाला सिंधच्या विधानसभेत पहिली बाई पाठवायला २०१८ उजाडलं, तंझीला कंबरानी, ही गोष्ट तिथल्या लोकांनाही टोचायला हवी असं मला वाटतं.

मी इथे १४ वर्षं राहतोय, दर वेळी व्हिसा रिन्यू झाला की सुटलो म्हणतो, त्यामुळे "तू इथला नाहीस" हे वाक्य कसं लागतं ते मला नीट माहितीये. मराठी शिका, मराठीत बोला हा आग्रह धरायलाच हवा, कारण भाषा कोणीही शिकू शकतो. आजोबा कुठून आले ते कोणालाच बदलता येत नाही.

बाजूच्या टेबलवरच्या त्या हैदराबादवाल्याला एकदा मी मलिक अंबरबद्दल सांगितलं, हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आला आणि निजामशाहीसाठी मुघलांना वर्षानुवर्षं नडला, औरंगाबाद वसवलं ते त्यानेच, तेव्हा खडकी म्हणायचे. तो म्हणाला, अरे म्हणजे तुमच्याकडेही होशू होता.