कन्सोल खुशाल उघडा, फक्त वही ठेवा

पुतण्याचा फोन आला लातूरहून. नीटच्या क्लासला आहे तिथं, अभ्यास सोडून बाकी सगळं व्यवस्थित चालू असतं त्याचं. म्हणे काका, रूमवरच्या पोरानं सेकंडहँड पीएस३ (सोनीचा प्लेस्टेशन ३, गेम खेळायचा कन्सोल) घेतलाय, जेलब्रेक केलेला, म्हणजे कंपनीचं सॉफ्टवेअरचं कुलूप तोडलेला, आता सगळे त्याला घाबरवायलेत की सायबरवाले उचलून नेतील, खरंच गुन्हा आहे का? मी म्हणलं आधी बायोलॉजी कर. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना, कारण ह्या विषयावर आपल्याकडं दोनच मतं ऐकू येतात. एक, "काही होत नसतंय रे, इंडिया आहे ही", आणि दुसरं, "पायरसी आहे, आत जाशील". दोन्हीकडच्यांनी कायदा उघडून बघायचे कष्ट घेतलेले नसतात.

तर कायदा असा आहे. आपला कॉपीराईट ॲक्ट १९५७ चा, त्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि कलम ६५ए आलं. कॉपीराईटच्या हक्कांच्या रक्षणासाठी लावलेलं टेक्निकल कुलूप जो तोडेल त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. लोक एवढं वाचतात आणि गार पडतात. पण त्याच वाक्यात अट पण आहे की हे कुलूप ते हक्क मोडायच्या इराद्यानं तोडलेलं असलं पाहिजे. म्हणजे कन्सोल उघडला, त्यात दुसरं सॉफ्टवेअर टाकलं, एवढ्यानं गुन्हा पूर्ण होत नाही, पुढं त्याचं काय करायचं ठरवलं होतं ते बघावं लागतं. अमेरिकेत असं नाही. तिथं १९९८ च्या डीएमसीए ह्या डिजिटल कॉपीराईटच्या कायद्यानं कुलूप तोडणं हेच मुळात बेकायदा केलं, पुढं तू कॉपी कर नाहीतर नको करू. त्यामुळं तिथल्या लोकांना दर तीन वर्षांनी सरकारदरबारी सवलती मागत बसावं लागतं. २०२१ साली कन्सोलचा डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरतं कुलूप काढायची सवलत मिळाली, ती पण काम झालं की कुलूप होतं तसं परत लावा ह्या बोलीवर!

ड्राइव्हला कसलं आलंय कुलूप असं वाटत असेल तर एकदा आपल्या संभाजीनगरच्या पैठण गेटला रिपेअरिंगच्या दुकानात जाऊन बसा. माझ्या मित्राचा पीएस४ डिस्क आत घ्यायचा, थोडी घरघर करायचा आणि परत बाहेर टाकायचा. दुकानातल्या चाचांनी तो खोलला, ड्राइव्ह पालथा केला आणि खालची हिरवी पट्टी, म्हणजे ड्राइव्हचा छोटा सर्किट बोर्ड, बोटानं दाखवली. नवा ड्राइव्ह आणून बसवला तरी त्याच्यासोबत आलेली पट्टी चालत नाही, कारण पट्टी आणि मदरबोर्ड यांची जोडी कारखान्यातच लावलेली असते, दुसऱ्या पट्टीला मदरबोर्ड ओळखतच नाही. चाचा म्हणले, "इसका बोर्ड फेकना नको भाई, ये गया तो डिस्क गई." मग चिमट्यानं रिबिन केबल सरकवून जुनी पट्टी काढली, नव्या ड्राइव्हला लावली, स्क्रू आवळले, गेम सुरू. आता समजा ती पट्टीच जळली असती तर? पैसे देऊन घेतलेल्या डिस्का कपाटात, पैसे देऊन घेतलेला कन्सोल टेबलावर, आणि दोघांची गाठ पडायची तर सॉफ्टवेअरचं कुलूप काढण्याशिवाय रस्ता नाही. ह्यात कुणाचा कॉपीराईट बुडाला हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

६५ए चा पुढचा भाग मला सगळ्यात भारी वाटतो आणि त्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. पोटकलम दोन सांगतं की ज्या कामाला ह्या कायद्यानं मनाई केलेली नाही त्या कामासाठी कुलूप उघडायला हरकत नाही, पण जो माणूस दुसऱ्याला असं कुलूप उघडून द्यायला मदत करेल त्यानं त्या गिऱ्हाइकाची पूर्ण नोंद ठेवायची. नाव, पत्ता, ओळख पटेल असा सगळा तपशील आणि कशासाठी उघडून दिलं ते कारण. म्हणजे पैठण गेट असो की लातूरची गंजगोलाई की नांदेडचं वजिराबाद, कन्सोल मॉड करून, म्हणजे त्याचं कुलूप काढून देणाऱ्याकडं वही पाहिजे! मी तरी आजपर्यंत अशी वही कुठल्या दुकानात बघितलेली नाही. जुना मोबाईल विकायला गेलं की आधारची झेरॉक्स मागतात, कारण उद्या चोरीचा निघाला तर दाखवायला काहीतरी हातात पाहिजे, मग इथं का नको? ऐकायला सरकारी खाक्याचं वाटतं, मला पण आधी हसूच आलं होतं, पण शांतपणे विचार केला तर सरळ धंदा करणाऱ्या कारागिराला एवढं साधं चिलखत दुसऱ्या कुठल्या कायद्यानं दिलंय सांगा बरं. "लेन्स बदलली, जुन्या ओरिजनल डिस्का चालवायच्या होत्या" एवढी एक ओळ आणि खाली गिऱ्हाइकाची सही.

आता दुसरी बाजू, आणि इथं माझे निम्मे मित्र नाराज होणार. "कन्सोल घ्या, हार्डडिस्कमध्ये पन्नास गेम फ्री टाकून देतो" म्हणणारा दुकानदार आणि ड्राइव्ह बदलून देणारे चाचा एका मापानं मोजू नका. फ्रीवाल्याच्या धंद्यात इराद्याचा प्रश्नच उरत नाही, तो दुकानाच्या पाटीवरच लिहिलेला आहे. त्याला कलम ६३ लागतं, सहा महिने ते तीन वर्षं कैद, दंड ५० हजारापासून २ लाखापर्यंत. आणि घेणाऱ्यानं पण लई निर्धास्त राहू नये, ६३बी मध्ये प्रोग्रामची चोरीची कॉपी माहीत असून वापरणाऱ्यालाही शिक्षा आहे, सात दिवसांपासून पुढं. आमच्या लहानपणी परभणीत ओरिजनल कुणी बघितलेलंच नव्हतं, "९९९९ इन १" लिहिलेली पिवळी कॅसेट लावली की त्यात तेच चार-पाच गेम फिरून फिरून यायचे, कॉन्ट्रा ऐन रंगात आला की लाईट जायची, लोडशेडिंगपुढं पायरसी काय आणि ओरिजनल काय. तेव्हा दुकानात दुसरं काही मिळतच नव्हतं. आता सेलमध्ये ओरिजनल गेम चारपाचशेला मिळतो आणि आपण पिझ्झ्यावर त्याच्या दुप्पट घालवतो. गरिबीचं कारण सांगायचं तर खऱ्या गरिबानं सांगावं.

आपल्या ओरिजनल डिस्कची कॉपी करून ठेवणं मात्र वेगळं. कलम ५२ मध्ये कायदेशीर घेतलेल्या प्रोग्रामची बॅकअप कॉपी करायला मुभा आहे आणि स्वतःच्या, धंद्याच्या नसलेल्या वापरासाठीसुद्धा आहे. आता गेममध्ये प्रोग्रामसोबत गाणी, चित्रं, व्हिडिओ पण असतात, त्यावर वकील लोक भांडू शकतात, भांडू द्या.

बाहेरच्या कोर्टांचं पण एकमत नाही बरं का. ऑस्ट्रेलियात सोनीनं मॉडचिप, म्हणजे कुलूप चुकवणारी चिप, विकणाऱ्यावर केस टाकली होती, ती २००५ साली तिथल्या सर्वोच्च कोर्टात सोनी हरली. कोर्टानं म्हणलं की प्लेस्टेशनचं हे कुलूप कॉपी करण्याला अडवतच नाही, कॉपी झालेली डिस्क चालवण्याला अडवतं, आणि डिस्क चालवणं हे काही कॉपीराईटचं उल्लंघन नाही. पुढं तिथल्या सरकारनं कायदा कडक केला ती गोष्ट वेगळी, पण मुद्दा बिनतोड होता. आणि अमेरिकेत निंटेंडो कंपनीच्या स्विच कन्सोलचं कुलूप तोडायची यंत्रं विकणाऱ्या टोळीतल्या गॅरी बाउझरला २०२२ साली ४० महिन्यांची कैद आणि सगळं मिळून १ कोटी ४५ लाख डॉलरची देणी. त्यांचा धंदा उघड उघड चोरीच्या गेमवर चालायचा, त्यामुळं शिक्षा झाली ह्याचं मला दुःख नाही, पण तो आकडा माणूस एका जन्मात फेडूच शकत नाही, मग तो लावायचा तरी कशाला?

आणि पीएस३ चा विषय निघालाच आहे तर हेही ऐका. हा कन्सोल विकताना सोनीनंच त्यात लिनक्स (विंडोजसारखी कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायची सोय दिली होती. अमेरिकेच्या हवाई दलानं १७०० च्या वर पीएस३ एकत्र जोडून सुपरकॉम्प्युटर बनवला होता, गंमत नाही. मग १ एप्रिल २०१० ला ३.२१ नंबरचा अपडेट आला आणि सोय गायब. अपडेट नाही घेतला तर ऑनलाईन खेळणं बंद. म्हणजे लोकांनी एक वस्तू बघून पैसे मोजले आणि कंपनीनं घरात बसलेली वस्तू बाहेरून बदलून टाकली. आपण बदललं तर मॉडिफिकेशन, त्यांनी बदललं तर सिक्युरिटी अपडेट! अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले, शेवटी तडजोड झाली.

कंपनीनं ऑनलाईन बॅन करावं, वॉरंटी काढून घ्यावी, त्याला माझी काही हरकत नाही. सर्व्हर त्यांचा, नियम त्यांचे, मॉडवाला ऑनलाईन येऊन चीटिंग करणार असेल तर हाकलाच त्याला. पण मे २०२५ मध्ये निंटेंडोनं अमेरिकेतल्या करारात घातलं की नियम मोडले तर यंत्रच कायमचं निकामी करू शकतो. दुकानातून पूर्ण पैसे देऊन घेतलेलं यंत्र! उद्या हाच करार आपल्याकडं आला तर आपल्या २०१९ च्या ग्राहक कायद्यात अन्यायकारक कराराची तरतूद आहे, त्याची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य ग्राहक आयोगात करावी लागते, आणि त्याचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) आपल्या संभाजीनगरला बसतं, मुंबईला जायची गरज नाही. ग्रुपातल्या वकील मंडळींनी ह्यावर जरूर लिहा, असं कलम इथं टिकेल का? मला तर वाटतं पहिल्या तारखेलाच उडावं.