आधी जाऊ तर द्या माणसाला!

माणूस अजून आयसीयूत, आणि सोशल मीडियावर यांची ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ तयार! नोव्हेंबर २०२२ मध्ये अभिनेते विक्रम गोखले पुण्यात अत्यवस्थ होते, तेव्हा रातोरात हार घातलेले फोटो फिरले. नवरा मृत्यूशी झुंजतोय आणि बायकोला सांगत बसावं लागतंय की ते अजून आहेत! गेले ते २६ तारखेला. डिसेंबर २०२४ मध्ये तबलावादक झाकीर हुसेन यांचंही तेच. घरच्यांच्या दुजोऱ्याआधीच बातमी गावभर. कसली ही घाई? ज्या गोखल्यांच्या रंगमंचावरच्या एकेका विरामासाठी प्रेक्षक श्वास रोखून बसायचे, त्यांच्या कामाबद्दल दोन ओळी लिहा ना! ते नाही. फक्त हात जोडलेल्या इमोजी, त्याही फॉरवर्ड केलेल्या. घरचे सांगेपर्यंत थांबा की जरा!