नवा टायर ‘बॅलन्स होऊनच येतो’? त्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. “टायरवाल्यांपासून सावध! नवा टायर कारखान्यातूनच बॅलन्स होऊन येतो. दुकानदार शिशाचे तुकडे चिकटवून पैसे उकळतात. अलाइनमेंट केलं की बॅलन्सिंग लागत नाही. करायचंच तर पुढच्या दोन चाकांचं करा.”

मी सातारा रस्त्यावरच्या एका टायरच्या दुकानात हेच काम करतो. म्हणजे यात माझ्या पोटापाण्याचा संबंध आहे, ते आधीच सांगतो. पण हा मेसेज खरा मानून लोक थरथरणाऱ्या गाड्या घेऊन एक्स्प्रेसवेवर जातील, याची मला मनापासून काळजी वाटते.

पहिला दावा कारखान्याचा. टायर तिथे तपासला जातो हे खरं, पण तपासतात तो नुसता टायर. तुमच्या गाडीची डिस्क, म्हणजे टायर ज्यावर बसतो तो धातूचा भाग, त्या कारखान्याने पाहिलेलीही नसते. डिस्कची स्वतःची जड बाजू असते, हवा भरायच्या व्हॉल्वचं वजन वेगळं. नव्या टायरवर बऱ्याचदा पिवळा ठिपका दिसतो, तो नीट बघा. टायरची सगळ्यात हलकी जागा ती. तिथे व्हॉल्व आणायचा, म्हणजे व्हॉल्वच्या जड बाजूवर टायरची हलकी बाजू येते. टायर सगळीकडून सारखा नसतो, हे बनवणाराच ठिपका मारून सांगतोय. ठिपका जुळवल्यावर डिस्कला लावायची वजनं (मेसेजमधले ते ‘शिशाचे तुकडे’) कमी लागतात, पण कुठे किती ग्रॅम लावायचे ते कळायला चाक मशीनवर चढवून फिरवावं लागतंच.

“दहा-वीस ग्रॅमने काय होतं?” असंही त्या मेसेजखाली लोक विचारतात. 15 इंची चाकाच्या कडेला 30 ग्रॅमचा फरक धरा. ताशी 40 किलोमीटरला त्याची ओढ साधारण पाऊण किलोची, तीच ताशी 100 ला साडेचार किलोच्या वर जाते, कारण वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. शिवाय हा दणका सेकंदाला 14 वेळा बसतो. म्हणून गर्दीच्या लक्ष्मी रोडवर काही कळत नाही आणि एक्स्प्रेसवेवर तळेगाव सोडलं की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. बेअरिंग, सस्पेन्शनचे सांधे, टायरची नक्षी, सगळं त्यात झिजतं.

अलाइनमेंट म्हणजे चाकं कुठल्या कोनात उभी आहेत ते. बॅलन्सिंग म्हणजे फिरणाऱ्या चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे का ते. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट बघा. ठरावीक वेगाला थरथर येऊन पुढे कमी होत असेल तर बॅलन्सिंग. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

आणि मागची चाकं? त्यांची थरथर स्टिअरिंगला न येता सीटला आणि पायाखालच्या पत्र्याला येते, एवढाच फरक.

गेल्या पावसाळ्यात एक काका ताम्हिणीहून परतल्यावर गाडी घेऊन आले. “टायर बदलायलाच लागेल का हो?” हा पहिला प्रश्न. चाक काढलं तर अलॉय डिस्कच्या आतल्या बाजूला लाल चिखल वाळून पपडी धरलेली. चाक तसंच मशीनवर चढवलं तर मशीन आतल्या बाजूला 45 ग्रॅम दाखवत होतं. ब्रशने खरवडून धुतल्यावर आकडा 10 वर आला. चिखलासकट वजनं लावली असती, तर चार दिवसांनी चिखल गळून पडल्यावर थरथर पुन्हा सुरू झाली असती.

मेसेजमधला राग मात्र मला पटतो, कारण काम खरंच अर्धवट होतं. जुनी वजनं न काढता वर नवी चिकटवतात. टायर चढवताना बीडला, म्हणजे डिस्कवर बसणाऱ्या टायरच्या आतल्या कडेला, साबणाचं पाणी लावत नाहीत, मग बीड एका बाजूला अडकते. टायरवर डिस्कच्या कडेलगत एक बारीक उठावाची रेघ असते, तिचं डिस्कपासूनचं अंतर गोल फिरून सगळीकडे सारखं हवं. कुठे रेघ आत बुडालेली दिसली तर हवा सोडून टायर पुन्हा बसवायला सांगा. खड्ड्यात आपटून वाकलेल्या डिस्कला कितीही वजनं लावा, ती गोल होत नाही. चाक ज्यावर बसतं त्या हबवरचा गंज घासायला हवा, आणि नट एकामागून एक न आवळता समोरासमोरचे आवळायला हवेत, शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने.

बॅलन्सिंगचे पैसे देण्याआधी एक तपासणी करून घ्या. मशीनवर शून्य आलं की चाक सैल करून मशीनच्या दांड्यावर (शाफ्टवर) अर्धा फेरा फिरवायला सांगा, आणि पुन्हा आवळून मशीन चालवायला लावा. मोठा आकडा परत उमटला तर चाक मधोमध बसलंच नव्हतं आणि आधीचं शून्य खोटं होतं. आमच्याकडे कुणी हे मागितलं तर मी नाही म्हणत नाही. दोन मिनिटांचं काम आहे.