सीटीजीच्या आधी फ्रीज विचारा

नमस्कार ताई,

"यंत्रांना नावं ठेवून तुम्ही बायकांना पुन्हा सुईणीच्या काळात ढकलताय, माझ्या भाचीचं बाळ सीटीजीमुळेच वाचलं," असं तुम्ही लिहिलंत. सीटीजी म्हणजे पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके सतत नोंदवणारं यंत्र. बाळ सुखरूप आहे हे वाचून फार बरं वाटलं. बीपी वाढलेलं, कळांसाठी सलाईनमधून औषध चालू, बाळाने पोटात शी केलेली, अशा बाईला सीटीजी सतत लावायलाच हवा. त्यात वादच नाही.

सतत सीटीजी नको असं मी लिहिलं ते निरोगी बाईबद्दल. आपणहून कळा सुरू झालेल्या अशा बाईला सतत सीटीजी लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलंय. ठोके डॉप्लरने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या यंत्राने, ऐकावेत: कळा वाढल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी, जोर करायची वेळ आली की दर ५ मिनिटांनी. सतत पट्टा बांधल्याने सिझेरियन वाढतात. बाळांना येणारे झटके कमी होतात हेही खरं, पण बाळांचे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. आता दर ५ मिनिटांनी ऐकायचं तर खाटेजवळ माणूस लागतो. एका सिस्टरवर चार-चार बायका सोपवल्या की पट्टा बांधून पुढच्या खाटेकडे जाण्यावाचून ती तरी काय करणार? माझा राग त्या व्यवस्थेवर आहे.

आणि नागपूरचा मे महिना आठवा. पारा ४५ ला टेकतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. दुपारभर ट्रेमध्ये पडून राहिलेल्या इंजेक्शनवर एखाद्या आईचा जीव सोपवायचा? म्हणून लेबर रूममध्ये फ्रीज चालू आहे का, लाइट गेल्यावर काय करता, तापमान कोण लिहून ठेवतं, हे मी सीटीजीच्या आधी विचारते.

साध्या वस्तूंची ताकद बघा. रक्त मोजायला खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी आणि रक्तस्राव दिसताच सगळे उपचार एकदम सुरू करण्याची शिस्त, एवढ्यावर आफ्रिकेतल्या चार देशांत गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं आणि मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास २०२३ चा. नुसत्या अंदाजाने रक्त बहुतेकदा कमीच वाटतं, म्हणून ही पिशवी.

तुमच्या ओळखीत कुणाचे दिवस भरत आले असतील, तर आई किंवा बहिणीला आत येऊ देतात का हेही आधी विचारून ठेवा. रुग्णालय सरकारी असेल तर सरकारी लेबर रूम सुधारण्यासाठीच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमाचं नाव घ्या. त्यात सोबतीची तरतूद आहे.