'खाजगी विमानात कोणीही काहीही घेऊन बसतं' या फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेतल्या आमच्या मराठी ग्रुपांवर तो मेसेज परत फिरतोय. थोडक्यात असा आहे की आपल्याला एअरपोर्टवर पट्टा काढून, खिसे रिकामे करून रांगेत उभं करतात आणि खाजगी विमानात मात्र कोणीही काहीही घेऊन बसतं, ही विमानं म्हणजे उडते बॉम्ब, 2008 ला टीएसएने, म्हणजे विमानतळावर तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेने, नियम आणले होते ते श्रीमंतांनी हाणून पाडले, ते आता सगळ्याच विमानांना लावा, ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्याला कसली अडचण. मी मेरीलँडमधे गेदर्सबर्गच्या छोट्या एअरपार्कवरून सेस्ना 172 हे एका इंजिनाचं, चार जणांचं विमान उडवतो, चौघांनी मिळून घेतलेलं जुनं विमान आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

'कोणीही काहीही' पासून सुरू करू. मागच्या ऑक्टोबरात बायको आणि सासूबाईंना शेनान्डोआची रंगलेली झाडं वरून दाखवायला नेलं. आदल्या रात्री दोघींना वजनकाट्यावर उभं केलं, सासूबाईंना वजन विचारायचं म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहितीये, पण विचारावंच लागतं, प्रत्येक पिशवी, पाण्याच्या बाटल्या, चिवड्याचा डबासुद्धा तोलला, कारण माझ्या विमानाचं माणसं, सामान, पेट्रोल सगळं धरून उडायचं कमाल वजन साधारण 1,150 किलो आहे आणि ते कुठे किती ठेवलंय त्यावर विमान सरळ उडणार की नाही हे ठरतं. एअरलाइनमधे दोनशे अनोळखी माणसं एकमेकांशेजारी बसतात, पायलट त्यातल्या एकालाही ओळखत नाही, म्हणून तिथे तपासणी लागते, ते बरोबरच आहे. माझ्या विमानात मला माहीत नसलेला माणूस आणि मला माहीत नसलेली पिशवी येऊच शकत नाही.

आणि नियम नाहीत असं कोणी सांगितलं? वॉशिंग्टनभोवती 30 नॉटिकल मैलांच्या वर्तुळात उडायचं तर आधी फ्लाइट प्लॅन, मग पोटोमॅक अप्रोचशी, म्हणजे इथल्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाशी, रेडिओवर बोलून स्वतंत्र ट्रान्सपॉन्डर कोड, म्हणजे रडारवर माझं विमान ओळखू येईल असा आकडा, तो लावल्याशिवाय चाक उचलायचं नाही. जवळच्या कॉलेज पार्क विमानतळाला, जो 1909 पासून चालू आहे आणि जिथे विल्बर राइटने लष्कराच्या लोकांना उडायला शिकवलं, तिथून उडणाऱ्या पायलटला बोटांचे ठसे, पूर्वेतिहासाची तपासणी आणि स्वतःचा पिन लागतो. चुकलात तर काय होतं ते 11 मे 2005 ला सगळ्यांनी पाहिलं, एक सेस्ना 150 वाट चुकून आत शिरलं तर एफ-16 लढाऊ विमानं धावली आणि कॅपिटॉल म्हणजे संसद, व्हाइट हाउस रिकामं करावं लागलं. हे वर्तुळ 2003 मधे तात्पुरतं म्हणून आखलं होतं बरं का, 2009 मधे ते कायमचं झालं. एअरपोर्टवर बूट काढायचा नियम 2006 ला आला तो 2025 च्या जुलैत गेला. आलेला नियम किती सहज जातो ते यावरून बघा.

'श्रीमंत माणूस जेट भाड्याने घेतो, त्याला कोण विचारतं?' विचारतात. भाड्याच्या 12,500 पौंडांवरच्या, म्हणजे सुमारे 5,670 किलोच्या वरच्या विमानांना 2003 पासून वेगळा सिक्युरिटी प्रोग्राम आहे, क्रूची गुन्हे-तपासणी, प्रवाशांची नावं सरकारच्या संशयितांच्या यादीशी पडताळणं सगळं त्यात येतं. परदेशातून येणाऱ्या किंवा जाणाऱ्या खाजगी विमानाला 2009 पासून उड्डाणाच्या किमान 60 मिनिटं आधी सगळ्यांची नावं सरकारला पाठवावी लागतात.

'9/11 वाले छोट्या विमानांवरच शिकले.' हो, त्यांच्या चार पायलटांपैकी तीन फ्लोरिडात. त्यावर उपायही झाला, 2004 पासून परदेशी विद्यार्थ्याला ट्रेनिंगआधी टीएसएकडे ठसे देऊन मंजुरी घ्यावी लागते. पुण्या-मुंबईची जी मुलं इथे सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन, करायला येतात त्यांना विचारा.

'उडता बॉम्ब.' 172 मधे 56 गॅलन पेट्रोल मावतं, 9/11 ला न्यूयॉर्कला धडकलेल्या प्रत्येक बोइंग 767 मधे सुमारे 10,000 गॅलन होतं. जानेवारी 2002 मधे टॅम्पाला 15 वर्षांच्या मुलाने 172 नेऊन बँकेच्या टॉवरवर आदळलं, तो बिचारा गेला, इमारतीत दुसऱ्या कोणाला काही झालं नाही. 2010 चं ऑस्टिन मी लपवणार नाही, एकाने स्वतःचं छोटं पायपर विमान टॅक्स ऑफिसवर घातलं, तो आणि तिथला एक कर्मचारी गेला, 13 जखमी झाले. पण विमान त्याचं, लायसन त्याचं, कुठल्या यादीत तो सापडणार होता? आणि ओक्लाहोमा सिटीत 1995 ला 168 माणसं गेली ती भाड्याच्या ट्रकमुळे. ट्रक आजही लायसन दाखवून मिळतो.

आता 2008 चा तो नियम. लार्ज एअरक्राफ्ट सिक्युरिटी प्रोग्राम, 12,500 पौंडांवरच्या खाजगी विमानांसाठी. म्हणजे माझं 172 त्यात नव्हतंच, पण फॉरवर्डला सगळीच विमानं हवी आहेत म्हणून बोलतोय. सुमारे 10,000 ऑपरेटर त्यात येणार होते. प्रवाशांची नावं पडताळणार खाजगी कंपन्या, दर दोन वर्षांनी ऑडिट करणारे पण खाजगी, खर्च मालकाचा, वर एअरलाइनची बंदी असलेल्या वस्तूंची यादी, आता कारखान्याचा मालक स्वतःच्या मेकॅनिकला स्वतःच्या विमानातून नेतोय तर त्याची अवजारं केबिनमधे चालणार नाहीत, आणि यातल्या कितीतरी विमानांना सामानाचा वेगळा कप्पाच नसतो. 7,000 च्या वर हरकती आल्या आणि तो नियम कधी लागूच झाला नाही. मोठ्या जेटची भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणत नाही, हँगरला नीट कुलूप, क्रूची तपासणी हे मला मान्य आहे. घरच्या माणसांना घेऊन निघायच्या आधी कंपनीकडून होकार घ्यायचा, हे मान्य नाही.

'प्रवास हक्क असेल, विमान नाही, गाडीने जा.' अमेरिकेच्या कायद्यात, कलम 40103 मधे स्पष्ट लिहिलंय की नागरिकाला आकाशमार्गाने ये-जा करायचा सार्वजनिक हक्क आहे. आणि आपल्याकडे 1978 ला मनेका गांधी खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच बजावलं की परदेशी जायचा हक्क कलम 21 मधे येतो आणि तो काढून घ्यायचा तर पद्धत न्याय्य, वाजवी पाहिजे.

राहिला 'लपवण्यासारखं काही नाही तर' वाला मुद्दा, ज्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. यादीत नाव जायला तुम्ही काही केलेलं असावंच लागतं असं नाही. सिनेटर टेड केनेडींना 2004 मधे नावाच्या साधर्म्यावरून विमानतळावर अडवलं होतं. ते केनेडी होते, त्यांचं निस्तरलं. रहीना इब्राहिम स्टॅनफर्डला पीएचडी करणारी मलेशियन बाई, जानेवारी 2005 मधे सॅन फ्रान्सिस्कोला तिला बेड्या घालून नेलं. एफबीआयच्या फॉर्मवर लिहिलं होतं की ज्या याद्यांत नाव घालायचं नाही त्यांवर खूण करा, एजंटाने ते उलटं समजून खुणा केल्या. कोर्टाने ही चूक नोंदवून दुरुस्त करायला सांगितलं ते 2014 च्या जानेवारीत, आणि ती स्वतः त्या खटल्याला हजर राहू शकली नाही, कारण तिला अमेरिकेत येऊ दिलं नव्हतं.