देवणीनं कधी दूध प्यालंय?

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस माझ्या दुधाची चर्चा चालली होती. म्हणजे माझ्या अंगावरच्या दुधाची. मी जर्मनीत, लाइपझिगला असते. लेक साडेचार महिन्यांची आहे, अजून फक्त अंगावर पिते. आणि मी गेली सहा वर्षं व्हीगन आहे. मांस-अंडी आमच्या माळकरी घरात कधी नव्हतीच. मी त्यापुढे जाऊन दूध, दही, तूप, मधही सोडलं. उदगीरच्या मामीनं कुठलासा व्हिडिओ टाकला, परदेशातल्या व्हीगन आईबापांचं लेकरू दगावल्याचा, आणि खाली लिहिलं, "तूप न खाता बाळंतिणीला दूध येत नसतंय. लेकरू रडायलं असंल अन् ही म्हणायली, मी प्राणी वाचवायले." मग काका, आत्या, पुण्याची वहिनी, सगळेच उतरले. कुणी संस्कृती काढली, कुणी कॅल्शियम. वहिनीनं माझी बाजू घेतली ती अशी, की गाईचं दूध म्हणजे पांढरं विष. त्यानंतर मला जास्त बोलणी बसली.

मामा ग्रुपवर कधी काही लिहीत नाहीत. दुसऱ्या रात्री त्यांनी एकच ओळ टाकली: "आपल्या देवणीनं कधी दूध प्यालंय? कडबा खाऊनच देती की."

देवणी म्हणजे मामांच्या गोठ्यातली गाय, आमच्या भागातली देशी जात.

ग्रुप गप्प.

मामांचं बरोबर आहे, पण निम्मंच. दूध येतं ते लेकरू ओढतं म्हणून. ते जितकं ओढेल तितकं शरीर पुढच्या वेळेसाठी तयार ठेवतं. ताटात तूप होतं का शेंगदाण्याचं तेल, हे त्याला कळत नाही. बाईला भूक मात्र जास्त लागते, रोजची सुमारे ५०० कॅलरी वाढीव, आणि तहान तर विचारू नका. आईनं कॅल्शियम कमी खाल्लं तरी दुधातलं फारसं घटत नाही, कारण ते तिच्या हाडांतून निघतं. दुधातलं लोहही तिच्या जेवणानं विशेष वरखाली होत नाही. पण काही गोष्टी अशा, की आईकडे कमी तर दुधातही कमी: आयोडीन, डीएचए (मेंदूच्या वाढीला लागणारं ओमेगा-३ स्निग्ध), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. झाडपाल्यातून, भाजी-डाळीतून ते भरवशानं मिळत नाही. मग देवणीला ते कोण देतं? तिच्या पोटातल्या रवंथाच्या कोठीत राहणारे जिवाणू. चाऱ्यातून कोबाल्ट मिळालं की ते बी-१२ बनवतात. माझ्या पोटात तशी कोठी नाही. मी ते बाटलीतून घेते. बाटलीतलंही जिवाणूंनीच बनवलेलं असतं, गोठ्याऐवजी कारखान्यातल्या टाकीत, एवढंच.

हे मी आज इतक्या ठसक्यात सांगते आहे, पण बाळंतपणानंतरचे तीन आठवडे ती बाटली फ्रीजवर तशीच पडून होती. झोप नाही, टाके दुखतात, थेंबांची आठवण कुणाला राहते? इथे बाळंतिणीकडे सुईण घरी येते. 'हेबामे' म्हणतात तिला, रीतसर शिकलेली असते, पैसे आरोग्य विमा भरतो. तिनं लेकीचं वजन केलं, नाळ पाहिली, माझ्या स्वयंपाकघरातली जवसाची चटणी चाखून पाहिली (तोंड वाकडं केलं, पण दुसऱ्यांदा घेतली), आणि मग विचारलं, "बी-१२ घेतेस ना?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "काल घेतलंस?" मी काही बोलले नाही. तिनं मला रक्त तपासायला पाठवलं, आणि आकडा खालच्या रेषेला टेकलेला निघाला. ओरडली नाही, तत्त्वज्ञान सांगितलं नाही, व्हीगनपणा सोड म्हणाली नाही. पुढचा महिनाभर दर भेटीत तेवढा एक प्रश्न विचारत राहिली. "काल?"

इथले तज्ज्ञ एकमतानं व्हीगन आहेत असा समज करून घेऊ नका. जर्मनीच्या पोषण संस्थेनं २०१६ साली सरळ सांगितलं होतं, की गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि लहान मुलं यांना हा आहार आम्ही सुचवत नाही. २०२४ मध्ये भूमिका थोडी बदलली: या गटांसाठी पुरावा अपुरा आहे, म्हणून हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, करणार असाल तर बी-१२ घ्याच आणि आहारतज्ज्ञाचा सल्ला घ्या. मला ही भूमिका आवडते. आमच्या ग्रुपवर मात्र "नक्की माहीत नाही" म्हणायची कुणाला सवय नाही, मलाही नव्हती. इथल्या आयांच्या गटात दुसरं टोक भेटतं. एकीचा बेत होता, चौथ्या महिन्यापासून ओटचं दूध बाटलीत द्यायचं. वर्षाच्या आतल्या लेकराला आईच्या दुधाऐवजी किंवा डब्याच्या दुधाऐवजी ते देणं म्हणजे पाण्यात पीठ कालवून देणं. आणि नाक मुरडू नका, माझ्या चुलत बहिणीला तालुक्याच्या एका डॉक्टरनं तिसऱ्या महिन्यात गाईचं दूध निम्मं पाणी घालून सुरू करायला सांगितलं होतं. वहिनीचंही सांगते: ती घरात फक्त सैंधव वापरते, म्हणजे मिठातून मिळणारं आयोडीन गेलं. तिनं माझ्या बाजूनं बोलू नये, ही विनंती आहे.

मी दूध सोडलं ते आरोग्यासाठी नव्हे. मामांच्या गोठ्यात धार काढायच्या आधी वासरू लावायचे. त्याशिवाय देवणी पान्हा सोडत नसे. मग दोन सड त्याच्यासाठी राखून ठेवायचे. इथे एकदा शेत बघायला गेले तर अंगणात पांढऱ्या प्लास्टिकच्या छोट्या घुमट्यांची रांग, प्रत्येकीत एकटं वासरू. जन्मल्यावर काही तासांत आईपासून काढलेलं. एकानं माझं बोट तोंडात धरलं आणि सोडेना. त्यानंतर चहात दूध घालणं मला जमलं नाही. पण म्हणून मामांचा गोठा आणि हे शेत एकाच पारड्यात टाकायला मी तयार नाही. आपली भाषा पाहा, आईच्या पहिल्या दुधालाही चीक म्हणते आणि गाईच्याही. एकीचा चीक लेकराच्या तोंडी जावा म्हणून आजी रात्र जागते, दुसरीच्या खरवसाच्या वड्या शेजारी वाटतो. मी लहानपणी त्या वाटायला पळत जायची. आजही वास आठवला की तोंडाला पाणी सुटतं, खोटं कशाला बोलू.

माझी तक्रार दुसरीच आहे. दोन दिवसांच्या त्या वादात व्हीगन बाळंतीण म्हणजे परदेशातली मीच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. आमच्या मराठवाड्यात अशा बायका हजारोंनी आहेत, फक्त त्यांना कुणी व्हीगन म्हणत नाही. घरची म्हैस असली तरी दूध डेअरीला जातं. बाईच्या वाट्याला ज्वारीची भाकरी, पातळ वरण, लसणाची नाहीतर कारळाची चटणी, आणि चहात घातला तर चमचाभर दुधाचा रंग. बीड, धाराशिवकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायका तान्हं लेकरू घेऊन फडात उतरतात, पाचटाच्या कोपीत राहतात. त्यांना डिंकाचे लाडू कोण देतंय? बाळंतिणीला तूप पाहिजे, हे वाक्य ज्या घरात तूप असतं तिथंच बोललं जातं.

आणि याचे परिणाम काही आज कळलेले नाहीत. १९६२ साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये अशा बाळांची नोंद केली होती: अंगावर पिणारी, दिसायला बरी, पण हसणं विसरलेली, मान टाकणारी, हातपाय थरथरणारी. आया शाकाहारी, त्यांच्यातच बी-१२ नाही, म्हणून दुधातही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी निघालं. या काही व्हीगन बायका नव्हत्या. आपल्यासारख्याच शेतकरी घरातल्या.

सरकार गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक लाल गोळी देतं. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. बी-१२ नसतं. पुण्याच्याच अभ्यासात दिसलं, की गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट (म्हणजे फॉलिक ॲसिडच) भरपूर असलेल्या आयांच्या मुलांमध्ये पुढे शरीरानं इन्शुलिनला दाद न देण्याचं, म्हणजे मधुमेहाकडे झुकण्याचं प्रमाण जास्त होतं. मग त्या गोळीत बी-१२ का नाही, यावर आमच्या ग्रुपवर, टीव्हीवर, आमदारांच्या भाषणात एकदा तरी दोन दिवस चर्चा व्हायला नको का? माझ्या तुपावर झाली तेवढी?

हे मी ग्रुपवर लिहिलं. मामीनं त्यावर पसंतीचा अंगठा टाकला नाही, पण तिसऱ्या दिवशी खासगीत फोन आला. तिच्या पायाला तीन वर्षांपासून मुंग्या येतात, रात्री तळपाय जळतात. वय झालं म्हणून सोडून दिलेलं. "ते तू म्हणतीस ते तपासून बघू का गं?" तपासलं. १३८ आला, किमान २०० पाहिजे होता. रोज दोन वेळा दुधाचा चहा पिणारी, सणाला तूप वाढणारी माझी मामी. तिला इंजेक्शनं सुरू झाली. ग्रुपवर तिनं हे सांगितलेलं नाही, मीही सांगितलं नाही. (मामी हे वाचत नाही, याची खात्री करून लिहिते आहे.)

आमच्या शेतात कामाला येणारी एक बाई माझ्याच महिन्यात बाळंत झाली. लेकरू पाठीशी बांधून ती तुरीच्या रानात येते. आईनं आशाताईंना आणि दवाखान्यात विचारून तिच्यासाठी बी-१२ च्या गोळ्यांची एक स्ट्रिप आणली. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "ही बी लालच हाय का माय? त्या लाल गोळीनं पोटात लई कळ येती." आईनं तिला समजावलं, ही वेगळी, हिच्यानं पोट दुखत नाही. संध्याकाळी मला व्हिडिओ कॉल केला. लेक माझ्या मांडीवर पीत होती. आई म्हणाली, "सगळं राहू दे. पण ती म्हणती ते खरंय की. ही पण लाल कशी काय असती गं?"

कोबाल्टमुळे, मी म्हटलं. बी-१२ चा स्वतःचाच रंग लाल असतो.

"मग सरकारला वाटलं असंल, एक लाल दिली की झालं," आई म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.