फोटोत येताय, जरा बाजूला व्हा

सकाळपासून डोकं फिरलंय. आज वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर एका हेरिटेज वॉकला गेलो होतो. नाना फडणवीसांचा वाडा बघितला, वसईच्या लढाईनंतर आलेली पोर्तुगीज घंटा बघितली, सगळं छान चाललेलं. घाटावर दोन बायका कपडे धूत होत्या. आमचा गाईड त्यांना म्हणाला, "ताई, फोटोत येताय, जरा बाजूला व्हा." त्या ओले पिळे उचलून उठल्यासुद्धा! अरे, घाट काय फोटो काढायला बांधलेत का?

माझी आजी परटीण. कृष्णाकाठचंच गाव. घराघरातनं गाठोडी आणायची, कपडे सोड्याच्या पाण्यात भिजवून भट्टी लावायची, मग पहाटे नदीवर दगडावर आपटायचे, नीळ, कांजी, वाळवण, कोळशाची इस्त्री. आणि ह्या सगळ्याच्या आधी खूण. बिब्ब्याचा रस सुईच्या टोकावर घेऊन कपड्याच्या कोपऱ्यात टिंब नाहीतर रेघ काढायची, वरनं चुना, की कितीही धुवा जात नाही. एक रेघ दोन टिंबं म्हणजे पाटलांचं, फुली म्हणजे मास्तरांचं. आजीला सही येत नव्हती, अंगठा लावायची, पण गावातल्या प्रत्येक घराची खूण तिला पाठ होती. बिब्बा उततो, तिची बोटं कायम काळी आणि सोललेली असायची.

नदीत साबण नको म्हणाल, ठीक आहे, मान्य. पण अख्ख्या शहराचं सांडपाणी नदीत जातं तेव्हा कुणी बाजूला व्हा म्हणत नाही.

मुंबईत धोबीतलाव बुजला, नाव राहिलं. तिकडे सिंगापुरात धोबी घाट नावाचं मेट्रो स्टेशन आहे, ओढा आणि धोबी दोन्ही गेले. महालक्ष्मीचा धोबीघाट १८९० च्या आसपासपासून चालू आहे, तर तिथे लोक पुलावरनं फोटो काढून निघून जातात. गाडगेबाबा परटाच्याच घरात जन्मले, त्यांच्या नावानं स्वच्छता अभियान चालतं आणि गावं धुऊन काढणारे हात मात्र फ्रेममध्ये नकोत. आपण अजून 'परीटघडीचे कपडे' म्हणतो ना? ती घडी घालायचं कोण?

पोरांनी परत हाच धंदा करावा असं मी म्हणत नाहीये. वर्षभर राबून सुगीला पदरात पडेल तेवढं बलुतं, लग्नात दुसऱ्यांसाठी पायघड्या अंथरायच्या, ह्यात गोड काही नव्हतं. बाबा शिकून बाहेर पडले म्हणून मी आज हे टाइप करतोय. पण काम सुटलं म्हणून त्यातलं शहाणपणही पुसायचं का? देवळाच्या कळसाची नोंद आहे, आपटून आपटून गुळगुळीत झालेल्या दगडाची नाही.

घरी आल्यावर ट्रंक उघडली. आजोबांचं धोतर काढलं. कोपरा उलटा केला तर तीन टिंबं, काळीभोर, आमच्याच घराची खूण. आजी जाऊन एवढी वर्षं झाली, धोतर विरलं, टिंबं तशीच. बराच वेळ बोट ठेवून बसलो होतो.

तिला बाकीच्या खुणा विचारायच्या राहून गेल्या. कुणाकडे जुनं धोतर, लुगडं, आजीची गोधडी असेल तर कोपरे उलटून बघा आणि खूण दिसली तर फोटो काढून कमेंटमध्ये टाका, सोबत गावाचं नाव. मी वहीत उतरवून घेतोय. पहिल्या पानावर आमची तीन टिंबं काढलीत.